शिंगाडे आणि सहा शाळांची फीत

शिंगाडेला मी सोळा वर्षं बघितलं. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मला हा माणूस अजिबात आवडत नव्हता. तोंडावर मी त्याला सर म्हणायचे, कारण ऑफिसात सगळेच म्हणायचे. मनात मात्र कायम शिंगाडेच म्हटलं, म्हणून इथंही तसंच लिहिते.

माझं शिक्षण चौथी. चकलांब्याच्या शाळेत झालं तेवढंच. बीडला एका शिक्षण संस्थेच्या ऑफिसात मी झाडायला, पाणी भरायला आणि चहा द्यायला होते. संस्थेच्या शाळा जिल्ह्यात खेडोपाडी. त्या सगळ्या शाळांचे कागद ह्या ऑफिसात येत आणि इथंच राहत. शिंगाडे त्या कागदांचा राखणदार. हुद्दा कॉम्प्युटर ऑपरेटरचा, पण दुसरे ऑपरेटर पत्रं टाइप करायचे आणि हा कागदांचे फोटो सांभाळायचा.

त्याला चहा देणं म्हणजे परीक्षा होती.

"मावशी, दोन चहा. एक बिनसाखरेचा. काय सांगितलं?"

"दोन चहा, एक बिनसाखरेचा."

"बरं. जा."

हे रोज. सुट्टीचा दिवस सोडून सोळा वर्षं रोज. एकदा माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, "सर, रोज त्येच सांगताव आन् रोज त्येच वदवून घेताव. मी काय येडी हाय का?"

तो शांतपणे म्हणाला, "येडं-शाण्याचा प्रश्न न्हाई. मी सांगितलं ह्ये मला म्हाईत हाय. तुमाला पोचलं का, ह्ये तुमी बोलल्याबिगर मला कसं कळावं?"

मी चहा आणला. त्यानं दोन्ही कपांतला एकेक घोट घेऊन बघितला, मग बिनसाखरेचा पाहुण्याला दिला. पाहुण्यानं तो घेतला नाही.

माणूस उंच, काटकुळा. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली जास्तीची दोन भोकं. खिशाला तीन पेनं. एक निळं, एक लाल आणि एक शाई संपलेलं. ते संपलेलं पेन पडद्यावरच्या ओळी मोजायला. बोट लावलं तर काचेला डाग पडतो म्हणायचा. पाटोद्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला. बापाची दीडशे मेंढरं होती आणि बापाला अंक लिहिता येत नव्हते, पण मोजायचा पक्का. शिंगाडे सांगायचा, "सकाळी मोजून सोडायची, सांजच्याला मोजून आत घ्यायची. मधी काय झालं ते मेंढरू सांगत न्हाई." बापाकडून त्यानं मेंढरं घेतली नाहीत, हे मोजणं तेवढं घेतलं.

त्याची खोली ऑफिसच्या मागच्या बाजूला होती. आख्ख्या ऑफिसात एसी फक्त त्या खोलीत. अध्यक्षांच्या केबिनला पंखा आणि शिंगाडेच्या यंत्रांना एसी, ह्यावरून लोकांचं पोट दुखायचं. खोलीत चप्पल चालत नव्हती, चहा चालत नव्हता, अगरबत्ती चालत नव्हती, ओलं फडकं चालत नव्हतं. मग मी झाडायचं कशानं? तर कोरड्या फडक्यानं, आणि तेही त्यानं दिलेल्या.

मे महिन्यात सगळ्यांना त्या खोलीत काम निघायचं. हिशेबनीस जुनी फाईल विचारायला येऊन दीड-दीड तास बसायचा. शिंगाडे कुणाला हाकलत नव्हता. त्यानं दाराशी एक वही टांगली. नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, येण्याचं कारण. लिहिल्याशिवाय आत पाऊल नाही. हिशेबनिसानं 'थंड हवा' असं खरं लिहिलं, त्याला काही बोलला नाही. सचिव साहेबांनी 'पाहणी' लिहिलं आणि खुर्चीत मान टाकून घोरले. ते गेल्यावर शिंगाडेनं लाल पेनानं 'पाहणी' खोडली आणि 'झोप' लिहिलं. खाली सही. ती वही पुढं तपासणीला गेली.

आता तो करायचा काय ते सांगते. मला जेवढं कळलं तेवढंच.

शाळांच्या जुन्या रजिस्टरांचे फोटो मोठ्या मशीनमध्ये असायचे. मशीन कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून त्या फोटोंची एक नक्कल चुंबकी फितीवर ठेवायची. फीत म्हणजे गाण्याच्या कॅसेटीत असायची तसली, पण डबी हाताच्या पंजाएवढी, चौकोनी, काळी. एका फितीवर कितीतरी शाळा मावतात. ती एका यंत्राच्या तोंडात घालायची. मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं लिहायची. चित्रं नाहीत, माऊस नाही. 'टार' म्हणून एक हुकूम होता. एका शाळेची शेकडो पानं घ्यायची, त्यांचं एक गाठोडं बांधायचं आणि ते फितीवर टाकायचं, हे सगळं त्या एका हुकमात. फीत मागं-पुढं पळवायला दुसरा हुकूम. एक ओळ लिहायची, बटण दाबायचं, की यंत्र पिठाच्या गिरणीसारखं घरघरायला लागायचं. तो आवाज आला की शिंगाडेच्या चेहऱ्यावर जरा रक्त दिसायचं.

भिंतीवर त्यानं पाच ओळींची चिठ्ठी चिकटवली होती. वर इंग्रजी हुकूम, खाली मराठीत अर्थ. फीत सुरुवातीला न्या. गाठोडं टाका. फीत मागं घ्या. वाचून बघा आणि मोजा. फीत शेवटाला न्या. ह्या पाच झाल्या की पुढचं गाठोडं. चिठ्ठी दुसऱ्यांसाठी होती. तो स्वतः तिकडं कधी बघत नव्हता, त्याला पाठ होती.

"वाचून बघा" ह्या ओळीखाली लाल पेनाच्या दोन रेघा. तो म्हणायचा, "लिवलं म्हंजे झालं असं समजणारे लई हायेत. वाचून बघणारा एकच हाय." तो एक कोण, हे विचारायची गरज नव्हती.

दसऱ्याला ऑफिसात यंत्रांची पूजा असायची. झेरॉक्सला हळदीकुंकू, टाइपरायटरला फूल, जीपला नारळ. शिंगाडे आला त्या वर्षी सचिव साहेब ताट घेऊन त्याच्या खोलीत शिरले आणि चिमूटभर कुंकू नेमकं फितीच्या यंत्राच्या तोंडात टाकलं. यंत्राला तोंड होतं म्हणून त्यांना वाटलं असेल. यंत्र बंद पडलं. पुण्याहून माणूस येईपर्यंत महिना गेला आणि येऊन त्यानं सांगितलं की आता हे फेकून द्या. शिंगाडेनं फेकलं नाही. पुढच्या दसऱ्याला ते मेलेलं यंत्र पुसून, टेबलावर फडकं घालून, दाराजवळ मांडून ठेवलं. सचिव आले, पाच बोटं कुंकवाची ओढली, तोंडात झेंडूचं फूल खोचलं, हात जोडले आणि गेले. नवं आणलेलं, चालतं यंत्र मागं पडद्याआड. सचिवांना सात वर्षं कळलं नाही. कळलं तेव्हा ते म्हणाले, "शिंगाडे, तुमी देवाला फसवलं."

"देवाला न्हाई साहेब," शिंगाडे म्हणाला, "तुमाला."

पोरीच्या लग्नात तर त्यानं हद्द केली. पत्रिका हातात देऊन भागत नव्हतं. समोरच्याकडून तारीख, वेळ आणि कार्यालयाचं नाव वदवून घ्यायचा. त्याच्या सख्ख्या साडूनं तोंड फिरवलं. "मी काय पहिलीतलं पोरगं हाय का बे?" असं म्हणून पत्रिका टेबलावर टाकून गेला. लग्नाच्या दिवशी साडू शेजारच्या कार्यालयात जेवून आला. आहेरही तिथंच देऊन आला. इथं पुन्हा पंगतीला बसला तेव्हा शिंगाडेनं जवळ जाऊन विचारलं, "आपल्या पोरीचं नाव काय हाय?"

असा माणूस. आता त्यानं केलेली चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय शिंगाडे पुरा होत नाही, आणि ती लपवलेली त्यालाच आवडली नसती.

संस्थेनं गेवराईकडच्या सहा जुन्या शाळांची रजिस्टरं फोटो काढून मशीनमध्ये घेतली. त्यातल्या काही शाळा निजामाच्या काळातल्या, संस्थेनं नंतर चालवायला घेतलेल्या. पानापानावर मुख्याध्यापकाची सही आणि शिक्का घेऊन मगच फोटो काढलेला. हे काम बघायला अध्यक्ष चार पाहुणे घेऊन आले. शिंगाडे नवा शर्ट घालून आला, घडीच्या रेघा तशाच. मी पेढे आणि पाणी घेऊन दाराबाहेर उभी, कारण आत दोन्ही चालत नव्हतं.

त्यानं पहिल्या शाळेचं गाठोडं टाकलं. फीत मागं घेतली. वाचून दाखवली. पडद्यावर सरसर ओळी पळाल्या. संपलेल्या पेनानं मोजून म्हणाला, "चारशे बारा टाकली, चारशे बारा आली." पाहुणे म्हणाले, "वा." त्यानं दुसरी शाळा टाकली, मागं घेतली, वाचून दाखवली. "वा, वा." अशा सहा शाळा. शिंगाडेला असं कौतुक जन्मात मिळालं नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते. शेवटी त्यानं डबीवर चिठ्ठी लावली, 'सहा शाळा. मोजलं. तपासलं.' खाली सही. फोटो निघाला. पेढे बाहेर वाटले.

त्याचा नियम होता, दर फितीच्या दोन प्रती. दुसरी प्रत दुसऱ्या गावी. दुसरी करायची पुढच्या आठवड्यात, तेवढ्यात त्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरनं पंधरा दिवस पडदा बघायचा नाही म्हणून सांगितलं. हा तिसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून हजर. पडद्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसला, म्हणजे डॉक्टरला दिलेला शब्दही पाळला जातो.

"मावशी, तुमी बसा खुर्चीत."

"मला इंग्रजी येत न्हाई."

"लई चांगलं. येणारे मधलं गाळतेत."

मग मी बसले. चिठ्ठीतलं एक अक्षर बघायचं, तसल्या आकाराचं बटण शोधायचं, दाबायचं. शाळांची नावं त्यानं वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात काढून दिली होती. एक ओळ लिहायला मला पाव तास लागायचा. पाचवी ओळ आली, फीत शेवटाला न्या. बटण दाबलं. पडद्यावर काहीच नाही, नुसती घरघर.

मी म्हणलं, "सर, काईच होईना. पुढचं दाबू का?"

"थांबा."

"कावून थांबायचं?"

"चिठ्ठीत लिवलंय म्हणून."

दोन दिवस लागले. दर शाळेची पानं किती टाकली आणि किती आली, हे मी माझ्या दुधाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं. शिंगाडेनं ते माझ्याकडून वाचून घेतलं, भिंतीकडं बघत.

ती डबी कुठं ठेवायची? त्याला बीडबाहेरची कोरडी जागा पाहिजे होती. चकलांब्याला माझ्या भावाच्या घरी ज्वारीची पत्र्याची कोठी आहे, असं माझ्या तोंडून निघून गेलं. झालं. त्यानं माझ्या भावजयीला, सोजरला, फोन लावला. पाणी नको, ऊन नको, मोटर नको, चुंबक नको, स्पीकर नको. पाचही गोष्टी चार वेळा वदवून घेतल्या. सोजर शेवटी म्हणाली, "आत काय हाय एवढं? सोनं हाय का?"

"शाळा हायेत."

"मग हितं कावून पाठवायलाव? हितं एक हाय की."

डबी कोठीत गेली. चार वर्षं गेली. आम्ही सगळे ती विसरलो, शिंगाडेही कदाचित.

मग एका उन्हाळ्यात मोठ्या मशीनच्या दोन्ही डिस्क एका आठवड्यात गेल्या. ऑफिसात रडारड. शिंगाडे एकटा आनंदात. "फिती हायेत," म्हणून सांगत फिरायला लागला. रोज एक-दोन शाळा फितीवरून परत मशीनमध्ये घ्यायचा. ह्या सहा शाळांची पाळी अजून यायची होती.

तेवढ्यात एका गुरुवारी गयाबाई आली, बरोबर तिची लेक कावेरी. त्या सहा गावांपैकी एका गावच्या. कावेरीचा नर्सिंगला नंबर लागला होता. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीला आजोबाच्या शाळेची नोंद पाहिजे होती, आणि ती शनिवारी दुपारच्या आत द्यायची होती. नाहीतर जागा दुसरीला. गावच्या शाळेत गेल्या तर मुख्याध्यापकानं रजिस्टराचा पुठ्ठा दाखवला. आतलं वाळवीनं खाल्लेलं. गयाबाईनं पिशवीत तो भुगा आणला होता, पुरावा म्हणून.

शिंगाडे म्हणाला, "बसा बाई. धा मिनिटं."

फीत घातली. मागं घेतली. वाचली. सहावी शाळा आली. त्यानं भुवया चढवल्या. पुन्हा मागं घेतली, पुन्हा सहावी. पुढं न्यायला बघितली, तर पुढं काही नाही. एका सहाव्या शाळेशिवाय त्या फितीवर काहीच नव्हतं. मी दारातून बघत होते. त्याचा हात पेनासकट पडद्यासमोर तसाच थांबला होता.

झालं होतं असं. त्या दिवशी पाहुण्यांसमोर त्यानं दर शाळा टाकली, मागं घेतली, वाचली, आणि पाचवी ओळ विसरला. फीत शेवटाला नेलीच नाही. फीत सुरुवातीला उभी, आणि तिथंच त्यानं पुढची शाळा टाकली. दुसरी पहिलीच्या उरावर, तिसरी दुसरीच्या. वाचताना दर वेळी नुकतीच टाकलेली शाळा बरोबर दिसायची, मोजही बरोबर यायची. खरं तर फीत पार मागं घेतल्यावर आधी पहिली शाळा दिसायला पाहिजे होती. त्याला तिथंच कळायला पाहिजे होतं. पण पाहुणे वा वा करत होते आणि शिंगाडेला ते ऐकायचं होतं. एकेक मेंढरू मोजून घेतलं, कळप काही मोजला नाही.

सचिव साहेब आले. त्यांनी शिंगाडेला बाजूला घेतलं. "सांगून टाका, मशीन बिघडलं. कुणाला काय कळतंय."

"मशीन न्हाई बिघडलं," शिंगाडे म्हणाला. आणि सरळ गयाबाईसमोर जाऊन उभा राहिला. "बाई, तुमच्या शाळेवर मी दुसरी शाळा लिवली. चूक माझी हाय."

गयाबाईला फितीचं काय कळणार. ती म्हणाली, "मंग माझ्या लेकीचं काय?"

कावेरी खाली बघत पिशवीचा बंद पिळत होती. तेव्हा मी म्हणलं, "सर, चकलांब्याची?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसं मी त्याला पैसे उसने मागितलेत. "ती तुमी केलेली हाय," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय न्हाई. चला."

सोजरचा फोन लागेना, ती रानात असेल. गेवराईपर्यंत एसटीनं गेलो, पुढं जीपनं. शिंगाडे आणि मी. गयाबाई आणि कावेरीला माझ्या घरी बसवलं. रस्ताभर शिंगाडे एकच विचारत होता.

"मावशी, पाचवी ओळ तुमी दर बारीला केलती का?"

"केलती."

"सहाच्या सहा?"

"चिठ्ठीत होतं ते केलं."

"नक्की सांगा."

"सर, कालची भाजी मला आठवत न्हाई. चार वर्सं मागचं काय सांगू?"

थोड्या वेळानं तो म्हणाला, "मी तुमाला मधी घाई केलती का?"

"मीच केलती. तुमी थांबा म्हणलाव."

त्यावर त्यानं जीपच्या काचेतून बाहेर बघितलं, ते चकलांबा येईपर्यंत.

घरी पोचलो. सोजर नुकतीच रानातून आली होती. तिनं कोठीची खोली उघडली आणि शिंगाडे उंबऱ्यावरच अडला. कोठीला लागून माणसाएवढे काळे स्पीकर, एकावर एक. माझ्या भाच्यानं वरातीचा धंदा काढला होता.

"स्पीकर नको म्हणलोतो," शिंगाडे म्हणाला.

"तुमी पाणी बी नको म्हणलाव," सोजर म्हणाली. "ही एकच खोली गळत न्हाई. म्हणून पोरानं बी पेट्या हितंच ठेवल्या. मी म्हणलं, वाजवायच्या भाईर. हितं आजपस्तोर वाजवला न्हाई."

"वाजवायचा प्रश्न न्हाई हो वहिनी. आत चुंबक असतंय."

"ते तुमी सांगितलं न्हाई."

"सांगितलं. चुंबक नको, स्पीकर नको."

"दोन येगळं सांगितलं. एकात एक असतंय हे कुठं सांगितलं?"

सोळा वर्षांत शिंगाडेला कुणी असं पकडलेलं मी बघितलं नव्हतं. मग आत जाऊन त्यानं स्पीकरपासून कोठीच्या मधोमधपर्यंत विती मोजल्या. सात भरल्या. पुन्हा मोजल्या. सोजरनं कोठीत खांद्यापर्यंत हात घातला आणि कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळलेली डबी वर काढली.

"ज्वारी वाळू घालताव तवा?" त्यानं विचारलं.

"ज्वारी उन्हात, डबी सावलीत. फोनवर चार बारी वदवून घेतलतं की. इसरते कशी."

येताना त्यानं डबी उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेतली. एसटीत इंजिनापासून लांब, पार मागच्या बाकावर बसला, जिथं हाडं खिळखिळी होतात. कंडक्टरला वाटलं, प्रसाद-बिसाद असेल.

"काय हाय त्यात, मामा?"

"सहा शाळा."

कंडक्टरनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग हाफ तिकीट लागंल," म्हणाला आणि पुढं गेला. शिंगाडे हसला नाही. मी हसले.

बीडला आलो तर म्हणतो, आज वाचायची नाही. उन्हातून आली, एकदम थंड खोलीत यंत्रात घातली तर फितीला घाम येतो, रात्रभर खोलीत पडू द्या. गयाबाई माझ्या घरी चुलीपाशी बसून विचारत होती, "त्या फितीला घाम येतोय आन् माझं काय व्हायलंय ते कुणी बघंना." मी म्हणलं, जेव आता.

शुक्रवारी सकाळी सगळे त्या दारात. गयाबाई, कावेरी, सचिव, हिशेबनीस. दाराच्या वहीत कुणी नाव लिहिलं नाही, शिंगाडेनं कुणाला विचारलं नाही. त्यानं फीत घातली आणि खुर्चीवरून उठला.

"मावशी, तुमी बसा."

"सर, तुमी करा की. घाई हाय."

"घाई हाय म्हणूनच."

मी बसले. तो भिंतीवरच्या चिठ्ठीसमोर उभा राहून मला एकेक अक्षर सांगत होता. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याला चिठ्ठी वाचताना बघितलं. फीत सुरुवातीला आली. पहिल्या ओळी पळाल्या. पहिली शाळा. मी दुधाची वही उघडली, तोच आकडा. फीत एक गाठोडं पुढं नेली. दुसरी शाळा, तोच आकडा. तिसरी. चौथी कावेरीची. शिंगाडे म्हणाला, "पाचवी आन् सहावी बी बघू, मग पानं काढू."

"सर," गयाबाई म्हणाली, "आमचं आधी काढा. मग तुमी सांजपस्तोर मोजत बसा."

त्यानं ऐकलं. पान छापून निघालं. जुन्या वळणदार अक्षरात आजोबाचं नाव, बापाचं नाव, जात, गाव, आणि खाली मुख्याध्यापकाचा शिक्का. कावेरी वाचायला लागली. गयाबाई म्हणाली, "मोठ्यानं वाच." तिनं मोठ्यानं वाचलं. आईनं पुन्हा वाचायला लावलं. शिंगाडेला हे आवडलं असावं, कारण त्यानं तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं. मग त्या रिक्षानं पळाल्या. वेळेत पोचल्या. पुढं पोरगी नर्स झाली, तसा गयाबाईचा फोन आला होता. तो फोन शिंगाडेला नव्हता, मला होता. शिंगाडेचं नाव तिच्या लक्षात नव्हतं. "ते उंच, चूक केलेले सर" असं म्हणाली.

सचिव म्हणाले, झालं गेलं विसरा. शिंगाडेनं तीन पानी अर्ज लिहून दिला, चूक कशी झाली, कितव्या ओळीत झाली, सही. सचिवांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. त्यानं दुसरी प्रत काढून भिंतीवर चिठ्ठीखाली चिकटवली.

त्याला रिटायर व्हायला तीन महिने राहिले होते. ते तीन महिने त्यानं जुन्या सगळ्या फिती काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. आधी तपासल्याची सही असलेल्या, त्याच्याच सहीच्या. आणखी एक फीत तशीच निघाली. तीही पुढं एकदा पाहुणे आले होते त्या दिवसाची. तिच्यातली पुसली गेलेली शाळा बीडमधलीच होती, कागद शाबूत होते, पुन्हा करून घेतली.

निरोपाच्या दिवशी हॉलमध्ये अध्यक्ष बोलत होते आणि समोरची खुर्ची रिकामी. मला बोलवायला पाठवलं. हा खोलीत. म्हणाला, एक फीत राहिली, अर्धा तास. मी परत जाऊन तसं सांगितलं. अध्यक्षांनी रिकाम्या खुर्चीला शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. ते सगळं घेऊन मी खोलीशी गेले तर म्हणतो, "नारळ आत आणू नका. पाणी असतंय."

संध्याकाळी त्यानं दार ओढून घेतलं आणि माझ्यासमोर एक मोठा कागद धरला. सगळ्या फितींची यादी. कुठल्या फितीवर कुठल्या शाळा, पानं किती, चकलांब्याला काय, इथं काय. खाली 'वाचून मोजलं' आणि त्याची सही. त्याखाली अजून एक ओळ, 'दुसऱ्यानं तपासलं', आणि पुढं जागा मोकळी.

"मावशी, हितं सही करा."

माझी सही म्हणजे नाव लिहिणं. ते मला येतं. त्यानं चालणारं निळं पेन पुढं केलं. मी कागद बघितला. बरीच मोठी यादी होती.

"आज न्हाई," मी म्हणलं.

"कावून?"

"मी वाचलंय का हे? सगळ्या फिती लावून बघते. जमलं तर करते सही."

शिंगाडेनं पेन परत खिशाला लावलं. मला वाटलं, चिडला. मग त्यानं खोलीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"काय करणार?" त्यानं विचारलं.

"सगळ्या फिती लावणार. वाचणार. मोजणार. मग सही."

"बरं," तो म्हणाला. पायरीवर बसून चपला घातल्या, शाल काखेत मारली, नारळ पिशवीत टाकला आणि स्टँडच्या बाजूला चालायला लागला. मागं वळून बघितलं नाही. मला अकरा दिवस लागले.